सतरा पावलं

पुण्याहून तिसऱ्यांदा परत आलेली कादंबरी
मी तांदळाच्या पिंपावर ठेवली.
आईने ती उचलली, तांदूळ काढले,
झाकण लावलं आणि पुन्हा तिथेच ठेवली.
झाकण घट्ट बसायला वजन हवंच होतं.

त्याच आठवड्यात फोंडू मानशीकार आला,
दारातच पाय पुसत म्हणाला,
"तूं बरयता न्हय? मागीर हें बरय."
काखेतून काढली कुळ-संघटनेची वही,
कडा खाऱ्या हवेने फुगलेल्या,
कणा जाळ्याच्या दोऱ्याने शिवलेला.
कारकून गेले तेव्हापासून पानं कोरी.

कुंभारजुव्याच्या खाजनात लिहिण्यासारखं काय असतं?
मानशीचा लिलाव कितीला गेला.
कोरगुटाचं बियाणं कुणी किती पायली नेलं.
कुर्ल्यांनी बांधाला भोकं पाडली, कुठे, किती.
मी लिहीत गेलो, थोडा लाजत,
लग्नाच्या पंक्तीत गवयाने मीठ वाढावं तसा.
घरी बोलतो ती भाषा एक, लिहितो ती दुसरी;
या वहीत दोघी एकाच पाटावर बसल्या
आणि कुणी उठवलं नाही.

मग अमावास्येच्या भरतीला बांध फुटला.
रात्रीचा दीड. विजेऱ्या, ओरडा,
मिंगेलच्या होडीतून आणलेली वाळूची पोती
पाण्याने एकेक करून गिळली.
"अठ्ठ्यांयशी सालांत हंगाच फुटिल्लो,
सकयल फातर आसात. पूण खंय?"
गुडघाभर चिखलात मी जुनी पानं उलटली,
विजेरी दातांत धरून.
कारकुनांचं अक्षर, बारीक, तिरकं:
'मानशीपासून सतरा पावलं उगवतीस.
खाली जांभ्याचा पाया घातला आहे.'

फोंडूने सतरा मोजली. पहार घातली. चिखल.
जरा पुढे. चिखल.
खारं पाणी भातात शिरतं तेव्हा
दूध उतू जाण्याआधीचा आवाज येतो.
पोती शिवत बसलेली सत्यवती एकदम ओरडली,
"अरे, कारकून बुटको आसलो! आनी लंगडटालो!"

आणि ती स्वतःच बांधावर चढली,
नऊवारी खोचून, डावा पाय ओढत, खांदा पाडत,
गेलेल्या माणसाची चाल चालत निघाली.
एक. दोन. कुणी हसलं नाही.
सतराव्याला थांबली.
पहार वाजली
दगडावर.

पहाटे सुकती लागली,
मानशीची दारं आपसूक उघडली,
चिखलाच्या हातांनी आम्ही चहा प्यायलो.
कपावर माझी बोटं उमटली होती.
माझ्या कादंबरीत तीनशे बारा पानं आहेत.
नायक चालतो, सगळं शहर चालून काढतो.
कुणाच्या पायांनी,
ते मी एकदाही सांगितलेलं नाही.

वहीत लिहिलं:
'जुन्या नोंदीतली सतरा पावलं कारकुनांची.
ते उंचीने कमी, डाव्या पायाने अधू.
त्यांची चाल सत्यवतीबाईंना ठाऊक होती म्हणून पाया सापडला.
तेवढंच अंतर माझ्या पावलांनी अकरा.
मी पाच फूट नऊ इंच. घाबरलो की ढांगा टाकतो.
त्या रात्री घाबरलो होतो.'

फोंडूने वाचून घेतलं, दोनदा.
भियेलो तें कित्याक बरोवप, म्हणाला,
हो हिशोबाचो बूक.
मग पाण्याकडे बघत राहिला बराच वेळ.
"आसूं दी. फुडल्याक कळपाक जाय."

कादंबरी अजून पिंपावरच आहे.
पहिलं पान तेवढं काढून आणलंय,
त्याच्या पाठीवर सध्या
बांधाचा नकाशा.

परवा उन्हात, काही घाई नसताना,
मी पुन्हा मोजायला गेलो.
तेरा भरली.
तेही लिहून ठेवलं.